शिडीसाठी एक नाव

बशीतला चमचा किणकिणला आणि ती होती तिथेच थिजली.

पाऊण तास थोपटल्यावर साहेब नुकते झोपले होते. साहेब म्हणजे तिचा आठ महिन्यांचा मुलगा. घरातले सगळे त्याच्या वेळा सांभाळतात, तो कुणाच्याच सांभाळत नाही, म्हणून साहेब. चमचा वाजवला होता फोनने. फोन मुका करायची अक्कल तिला होती. पण मुका फोन थरथरतो, तो चहाच्या बशीला खेटून ठेवू नये, ही अक्कल आत्ता आली. साहेबांनी एक लाथ झाडली, ओठांनी हवेतच दोन घोट घेतले आणि मोठ्या मनाने झोप पुढे चालू ठेवली.

मेसेज धाकट्या दिराचा होता. तो गाद्या विकतो, आणि स्वतःच्या मालावर त्याचा इतका विश्वास आहे की दुपारी गिऱ्हाइकांना तो त्यावरच झोपलेला सापडतो.

"वहिनी, चार वाजता नाव. नाही आलं तर आम्ही ठेवू. मागच्या वर्षीचं आठवतंय ना?"

न आठवून कसं चालेल? मागच्या वर्षी साहेब पोटात होते आणि झोप डोळ्यांवर. चारच्या ठोक्याला ती खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होती. तेव्हा सर्वानुमते तिच्या टीमचं नाव पडलं 'घोरणारं पंचक', आणि अख्खा मोसम तिने त्याच नावाने काढला. नणंदेने तर ते कपावर छापून आणलं. कप चांगला मोठा होता, म्हणून टाकवतही नव्हता.

घरातल्या पाच जणांची ही बास्केटबॉलची फँटसी लीग. प्रत्येकाने कागदावर आपली टीम निवडायची. खेळाडू खरे, मॅच खऱ्या, टीम तेवढी मनातली. मैदानावर त्या खेळाडूने जेवढे पॉइंट मारले, तेवढे घरबसल्या आपल्या खात्यात. घाम त्याचा, मिशीला पीळ आपल्या. आणि त्या सगळ्या खेळाडूंमध्ये प्रत्येकाला हवा असायचा एकच: शिडी. त्याचं खरं नाव त्याच्या पाठीवर लिहिलेलं असे, पण या घरात ते कुणी वाचलं नव्हतं. सव्वासात फूट उंच, हात गुडघ्याला लागतील एवढे. त्याला उडी मारावी लागत नसे, तो नुसता जाळीत चेंडू ठेवून येई, आपण फ्रिजवर किल्ल्या ठेवतो तशा.

शिडी कुणाला मिळणार हे पूर्वी चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मग एका वर्षी तिच्या नवऱ्याने आपली चिठ्ठी आधी फ्रीझरमध्ये ठेवून गार केली आणि डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावाने, बरोब्बर तीच उचलली. तेव्हापासून नियम बदलला. शिडीवरून प्रत्येकाने आपल्या टीमला नाव ठेवायचं. नावं सासूबाईंना वाचून दाखवायची. ज्या नावाला त्या हसतील त्याची शिडी, अख्ख्या मोसमासाठी, काही झालं तरी. सासूबाईंनी जन्मात एक मॅच पाहिली नव्हती, म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती त्यांच्या हसण्याबद्दल. त्या हसत म्हणजे नाकातून एक 'फुस्स' काढत, तेही ग्रहणासारखं, वर्षातून एखाददा.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने औषधाची रिकामी कागदी पिशवी उलटी केली, पेन घेतलं आणि बसली.

खरं तर हे तिच्या हातचं काम. ती रंगांच्या कंपनीत शेड्सना नावं ठेवते. लोक भिंतीला जो करडा लावतात त्याचं 'भिजलेली पाटी' हे नाव तिचं. 'दुसऱ्यांदा उकळलेला चहा' तिचा. 'सावत्र पांढरा' मॅडमनी नाकारला, तरी अजून ऑफिसात त्याची आठवण काढतात म्हणे. पण त्याला आता नऊ महिने झाले. गेल्या आठवड्यात मॅडम बाळाला बघायला आल्या, बाळाला बघितलं, आणि जाताजाता फ्रिजवर एक रंगाचं कार्ड अडकवून गेल्या. निळा, कडेला जरा जांभळट. "बघ काही सुचतंय का," म्हणाल्या, "घाई नाही," आणि ज्या आवाजात म्हणाल्या त्यात सगळी घाई होती.

तीन दिवस तिने त्या कार्डाकडे बघून विचार केला. तिसऱ्या दिवशी तिला नाव सुचलं. 'निळा'.

त्या दिवशी ती भांडी घासता घासता घाबरली. डोक्यात बोट घालून पाहावं तर आत नुसतं दूध आणि झबली. म्हणून आज शिडी हवी होती. पॉइंट गेले उडत. एक नाव, अख्खं, आपलं आपण सुचलेलं, आणि त्यावर एक फुस्स. तेवढं झालं असतं तर मॅडमना तोंड दाखवता आलं असतं. आणि आरशालाही.

'आभाळाला टेकू,' तिने लिहिलं. छान आहे. सासऱ्यांना आवडेल. म्हणजे मेलं. खोडलं.

'पंख्याला धडक.' 'चौकटीचं टेंगूळ.' हे दिराला सुचेल. खोडलं.

'मान मोडेपर्यंत बघा.' हे काय आहे?

चमचा पुन्हा किणकिणायच्या आत तिने फोनवर झडप घातली. नवरा होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचा आवाज नेहमी विहिरीतून येतो.

"अगं, काय ठेवलंस नाव?" तो कुजबुजला.

"तू का कुजबुजतोयस? बाळ माझ्याकडे झोपलंय."

"सवय लागली गं. सांग ना."

"सांगितलं की चोरशील."

"मी? बायकोचं नाव चोरेन?"

"तू चिठ्ठी गार करणारा माणूस आहेस."

"किती वर्षं तेच काढशील? बरं, माझं ऐक. 'बिनलिफ्टचा विसावा मजला.' कसंय?"

चांगलं होतं. "ठीक आहे," ती म्हणाली.

"जळलीस!" तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ओ दादा, आम्ही आत अडकलोय, तुमचं काय चाललंय? "ठेवतो," नवरा म्हणाला, "माणसं आहेत आत."

साडेतीन. टेबलाखालून खरडण्याचा आवाज आला. तिथे भिंगरी, साडेपाच वर्षांची मोठी मुलगी, पाय पसरून शिडीचं चित्र काढत होती. चित्र एका कागदात मावलं नव्हतं, म्हणून तिने पाय दुसऱ्या कागदावर काढले होते. तिच्या गुडघ्यावर तीन दिवसांपूर्वी सायकलवरून पडल्याचा डाग होता आणि मधूनमधून ती तो कौतुकाने दाबून बघत होती.

"आई, शिडीचा हात कपाटावर पोचेल?"

"छतावर पोचेल."

"मग तो तो डबा काढून देईल?"

"कुठला डबा?"

भिंगरीने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं, दाराकडे बघितलं आणि अगदी आपल्या बापासारखी कुजबुजली, "आजीचा. आजोबांपासून लपवलेला. क्रीमची बिस्किटं आहेत त्यात. आजी स्टुलावर चढून खाते. मला म्हणाली, कुणाला सांगू नकोस."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तू कुणी आहेस का?" भिंगरीला नवल वाटलं. "तू तर आई आहेस."

ती हसली, मग तिने पिशवीकडे बघितलं. सासऱ्यांची साखर वाढल्यापासून घरातून गोड हद्दपार होतं आणि त्या हद्दपारीचा हुकूम खुद्द सासूबाईंनी काढला होता. स्वतः आपल्या चहातली साखर बंद केली होती. सगळ्यांसमोर.

तिने एका दमात नाव लिहिलं. वाचलं. अंगावर काटा आला, जसा 'भिजलेली पाटी'च्या वेळी आला होता. मग लगेच दुसरा काटा आला: सासूबाई हसल्या नाहीत तर? साहेबांना रोज दुपारी तासभर सांभाळणारी बाई आहे ती. नावापायी तो तास गेला म्हणजे?

तीन अठ्ठावन्नला साहेब कुशीवर वळले. ती घाबरली आणि तिचा अंगठा 'पाठवा'वर पडला. निदान नंतर तिने स्वतःची समजूत तशीच घातली.

चार वाजता सगळे जमले. सासूबाई आरामखुर्चीत, मांडीवर लोकरीचा स्वेटर. नवरा, दीर आणि दातांची डॉक्टर असलेली नणंद फोनच्या पडद्यावर तीन चौकटींत. नावं वाचायचं काम सासऱ्यांचं, कारण ते शाळेत भूगोल शिकवत आणि हजेरी घ्यायची त्यांची हौस अजून फिटली नव्हती.

"उत्तुंग पंचक," त्यांनी आधी स्वतःचं वाचलं.

"हे गेल्या वर्षीही होतं, बाबा," दीर म्हणाला.

"हिमालय गेल्या वर्षीही होता. पुढे. वरची अक्कलदाढ."

नणंद गालात हसली. सासूबाईंच्या सुया चालूच.

"शिडी लावून गादीवर."

"शी," सासूबाई म्हणाल्या. दीर खूश झाला. दखल घेतली हेही थोडं नव्हतं.

"बिनलिफ्टचा विसावा मजला."

सुया थांबल्या. नवऱ्याने श्वास रोखला. सासूबाईंनी एक टाका मोजला आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

"आणि शेवटचं." सासऱ्यांनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं वाचलं, "आजोबांपासून लपवलेली बिस्किटं."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने स्वेटरकडे. मग सासूबाईंच्या नाकपुड्या फुगल्या, ओठ दाबले गेले, खांदे हलले, आणि ते आलं. फुस्स! एक नाही, तीन. मग खोकला. मग डोळ्यांना पदर.

"कुठली बिस्किटं?" सासऱ्यांनी विचारलं.

"अहो, नाव आहे ते, नाव!" सासूबाईंना बोलवत नव्हतं. "हिची शिडी! दिली! संपलं!"

"पण कुठली बिस्किटं?" म्हणत सासरे स्टूल शोधायला उठले. सासूबाईही स्वेटर टाकून त्यांच्या मागे धावल्या. जाताजाता सुनेच्या पाठीत एक धपका घातला. धपका गोड होता. ती जागच्या जागी तरंगू लागली. आत काहीतरी होतं अजून. फक्त दूध नव्हतं.

"वहिनी," दिराचा आवाज आला. तो दुसऱ्या फोनवर काहीतरी वाचत होता आणि त्याचा चेहरा गादीसारखा पसरत चालला होता. "आत्ता बातमी आलीय. सकाळी सरावात शिडीचा गुडघा गेला. अख्खा मोसम बाहेर!"

"काय?"

"अभिनंदन!" दीर लोळायचा बाकी होता. "खुर्चीत बसलेली शिडी तुमची!"

"दुसरा घेऊ दे रे तिला," नणंद म्हणाली. "एवढं चांगलं नाव होतं."

"ताई, नियम म्हणजे नियम. काही झालं तरी, असं ठरलंय."

नवरा विहिरीतून म्हणाला, "अगं, मी आग्रह धरला तर बदलतील ते. धरू का?"

"नको," ती म्हणाली. स्वतःलाच नवल वाटलं, किती पटकन म्हणाली त्याचं. "असू दे माझा. बसलेला तर बसलेला."

तिने फोन बंद केला. आतल्या खोलीत स्टूल ओढल्याचा आवाज येत होता आणि सासूबाई म्हणत होत्या, तो सुयांचा डबा आहे हो, सुयांचा! साहेब एवढ्या गोंधळातही झोपले होते. कधी झोपावं हे त्यांना कळत असे.

भिंगरी चित्राचे दोन्ही कागद घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. शिडीच्या गुडघ्यावर ती आता निळा खडू घासत होती, जोर लावून, मग कडेने जांभळा.

"असाच असेल ना त्याचा?" तिने आपला गुडघा पुढे केला. "पहिल्या दिवशी लाल होता. आता बघ."

आईने तो गुडघा पाहिला. मग फ्रिजवरचं कार्ड पाहिलं. उठली, कार्ड काढलं आणि गुडघ्याशेजारी धरलं. तोच निळा, कडेची जांभळट झाकही तीच. तिने एका हाताने फोन घेतला आणि मॅडमना लिहिलं: 'तिसऱ्या दिवशीचा गुडघा.' ते पुसायची हिंमत व्हायच्या आत पाठवून दिलं. मग फोन बशीपासून लांब, उशीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली.

भिंगरी तिच्या मांडीवर चढली. जागा नव्हती, तरी केली. नव्या कागदावर तिने आता शिडीला खुर्चीसकट काढलं होतं, आणि खुर्चीत बसल्यामुळे तो पहिल्यांदाच एका कागदात मावला होता.

"आई, तो आता खेळत नाही ना?"

"नाही."

"घरीच असणार?"

"हो. बरेच महिने."

भिंगरीने चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मग आता तो कोण आहे?"