माझ्याखाली खोटं लिहिलंय

खरं तर मी आत्ता बोलायचं नव्हतं. पोलीस ठाण्याच्या दारातल्या मिशाळ शिपायाने रोझेनला बजावलंय, "साहेब आत बोलावेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही." पण ते त्याने रोझेनला सांगितलं. तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेल्या मला कुणीच काही सांगितलं नाही. म्हणून मी बोलते. मी एक वेणी आहे. चांगली लांब, मनगटाएवढी जाड, तांबूस तपकिरी. आणि मला फार राग आलेला आहे.

मी वाढले फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका खेड्यात, रोझेनच्या डोक्यावर. तिच्या डाव्या कानामागची एक बट जन्मापासून फिकट पिवळी आहे, तीही माझ्यात विणली जायची. शनिवारी आई तिला आतल्या खोलीत बसवून विंचरायची. मला घट्ट विणून डोक्याभोवती गुंडाळायची आणि वर पांढरी, खळ घातलेली टोपी चढवायची. आमच्याकडे बाईमाणूस उघड्या डोक्याने कुणाला दिसत नाही. रोझेनच्या सख्ख्या भावानेही मला धड पाहिलं नव्हतं. आई आणि विहिरीवरच्या चार बायका, एवढ्यांनाच मी माहीत होते.

उन्हाळ्याच्या जत्रेत केसवाला यायचा. गाडीवर कापडाचे तागे, कमरेला कात्री. तो ओरडायचा, "चला पोरींनो, डोक्यावरचं द्या, अंगावरचं घ्या!"

त्या वर्षी रोझेनला पॅरिसला मोलकरीण म्हणून जायचं होतं. आई म्हणाली, "मोठ्या घरात जायचं तर अंगावर धड झगा हवा. केस काय, परत येतात."

"आणि टोपी घातली की खाली वेणी आहे की कोबीचा गड्डा, कोण बघतंय!" मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. रोझेनही हसली, पण कात्री चालू असताना तिने माझं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. शेवटी केसवाला म्हणाला, "सोड पोरी, आता ती माझी."

निळं कापड मिळालं. त्या सौद्याचा मला राग नाही. तो उघड सौदा होता. केस गेले, कापड आलं, आणि कुणी कुणाशी खोटं बोललं नाही.

पुढे मला उलगडलं, उकळत्या पाण्यात घातलं, लोखंडी दातांतून ओढलं आणि पुन्हा विणलं. माझ्यासोबत गावोगावच्या कितीतरी वेण्या होत्या. बहुतेकींचे अंबाडे करून शहरातल्या बायकांना विकले गेले. मी सर्वांत लांब होते म्हणून मला तशीच ठेवलं. मग एक दिवस मस्यू बोकाज आले, मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि म्हणाले, "ही बोलेल."

मस्यू बोकाज यांचं पॅरिसमध्ये अत्तरांचं दुकान आहे. त्यांनी मला दर्शनी काचेच्या मागे, विजेच्या दिव्याखाली टांगलं आणि खाली सोनेरी अक्षरांची पाटी लावली: 'कुमारी क्लेमांस यांचे केस. पूर्वी जवळजवळ टक्कल. ऑरोर अर्काचा चमत्कार.'

मी हादरलेच. कोण ही क्लेमांस? मी तर तो अर्क कधी चाखलाही नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत तो कसा होतो ते मी पाहिलंय. पाणी, थोडी दारू, रंगासाठी जाळलेली साखर आणि गुलाबाचा वास. मस्यू तो लाकडी पळीने ढवळतात आणि तीच पळी सूपात घालतात.

काचेमागून माणसं फार स्पष्ट दिसतात. बायका थांबायच्या. आधी मला बघायच्या, मग काचेतल्या स्वतःला. मग हात हळूच टोपीखाली जायचा आणि चेहरा उतरायचा. येताना त्यांचं काहीच बिघडलेलं नसायचं. माझ्यासमोर उभ्या राहिल्या की बिघडायचं. मग दाराची घंटा वाजायची. प्रत्येक घंटेला मला वाटायचं, काच फोडावी आणि ओरडावं. पण मला तोंड कुठे होतं? 'ही बोलेल' असं मस्यू म्हणाले ते अगदी चूक होतं. मी बोलत नव्हते. माझ्या नावावर ते बोलत होते.

अशाच एका सकाळी घंटा वाजली आणि मादाम व्हेरने नावाच्या एक बाई आत आल्या. त्यांच्या मागे सामानाच्या पिशव्या घेऊन निळा झगा घातलेली त्यांची मोलकरीण होती. रोझेन!

तिच्या डोक्यावर आमची टोपी नव्हती. रोझेनने घरात पाऊल टाकताच मादामनी ती काढायला लावली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. "पाहुणे हसतात," असं त्या म्हणाल्या होत्या. टोपीखाली बोटाच्या पेराएवढे खुंट दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं, आजारी होतीस?"

"नाही मादाम, केस विकले."

"केस? कोण विकतं केस?"

हे मादाम व्हेरने विचारत होत्या! त्यांच्या स्वतःच्या अंबाड्यात निम्मे केस विकतचे होते. माझ्याच बरोबर उकळलेल्या वेण्या मी लगेच ओळखल्या.

रोझेनने मला पाहिलं. पिशव्या खाली ठेवल्या. "मादाम, ही माझी वेणी," ती हळू आवाजात म्हणाली. तिला मोठ्याने बोलायची सवय नाही. "ही पिवळी बट बघा. आणि हे माझ्या कानामागे बघा."

मादामनी वाकून पाहिलं. कानामागचे खुंट फिकट पिवळे होते. मला वाटलं, झालं, आता सगळं उघड होणार. मस्यू बोकाजनीही ते पाहिलं. पापणी लवायच्या आत त्यांनी चेहऱ्यावर दया आणली.

"मादाम, ही खूण मी ओळखतो," ते मादामच्या कानाशी म्हणाले. "लागणीचा ताप येऊन केस जातात ना, तेव्हा असे पांढुरके डाग राहतात. बिचारीला भ्रमही झालेला दिसतो. घरात लहान मुलं आहेत का तुमच्या?"

मादाम दोन पावलं मागे सरल्या. "ताप! आणि ही माझ्या लेकरांना भरवते!"

"मादाम, शप्पथ, मला कधी ताप आला नाही. गावात कुणालाही विचारा."

"गावात विचारायला मी काय ब्रिटनीला जाऊ? तुझं गाठोडं दाराबाहेर ठेवते. संध्याकाळी ने."

आणि जाताना त्यांनी ऑरोरच्या दोन बाटल्या नेल्या. माझी शपथ.

ज्या मुलीला मालकिणीने तापकरी म्हणून काढलं, तिला दुसरं कुठलं घर ठेवणार? हे मस्यूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रोझेनला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि गोड आवाजात म्हणाले, "इथेच राहा ना. खाणंपिणं माझं. काचेत नुसतं बसायचं. तुझे केस वाढले की मी स्वतः तुला मादामकडे नेईन. म्हणेन, पाहा, पोर ठणठणीत आहे. मग तर झालं?"

रोझेनने मान हलवली. ती दुसरं काय करणार होती?

तेव्हापासून आम्ही दोघी काचेत. तिच्या खुर्चीखाली पाटी: 'आधी. तापाने केस गेलेली मुलगी.' माझ्याखाली पाटी: 'नंतर.' जिच्या डोक्यावरून मी आले, तिलाच त्यांनी माझ्यासमोर भिकारीण करून बसवलं! मुलं काचेला नाक लावून वेडावायची. एक गाडीवाला रोज ओरडायचा, "ए शेळी, दाढी कधी येणार?" रोझेन ओठ न हलवता माझ्याशी बोलायची. "वाढतायत," ती म्हणायची. "आज हाताला लागले. बघच, मादामला मी तोंडावर जाऊन दाखवणार." केस विंचरता येण्याइतके झाले तेव्हा तिने आईला निरोपही धाडला, की लवकरच परत कामाला लागेन.

काल सकाळी मस्यू कात्री घेऊन आले.

"हे काय?" रोझेनने विचारलं.

"थोडे कमी करू. 'आधी'च्या डोक्यावर केस दिसायला लागले तर लोक काय म्हणतील?"

"पण तुम्ही म्हणाला होतात, केस वाढले की मादामकडे..."

"हो हो, नेईन ना. हिवाळ्याचा हंगाम जाऊ दे. मान खाली कर."

रोझेनने मान खाली केली नाही. तिने त्यांचं मनगट धरलं. धुण्याच्या बादल्या उचललेला हात आहे तो. कात्री खाली पडली. तिने मला हुकावरून ओढलं, दार उघडलं आणि भर रस्त्यात उभी राहिली. आणि ही माझी रोझेन, जिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही, ओरडली, "ही माझी वेणी आहे! मला ताप आला नव्हता! ह्यांनी आत्ता परत कात्री आणली होती!"

लोक जमले. "वेडी आहे," कुणी म्हणालं. "अहो, हा पण दुकानाचाच खेळ असणार. काय झकास करतात हल्ली!" दुसरा म्हणाला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला सर्वांत जास्त चीड आली.

फक्त एक म्हातारी पुढे आली, मादाम पेलोतिए. तिने रोझेनचे तोकडे केस पाहिले, मला पाहिलं आणि म्हणाली, "तीन बाटल्या ओतल्या मी टाळूवर, ह्या वेणीकडे बघून. टाळू आहे तशीच. उशी मात्र सुरेख रंगली." ती रोझेनसोबत ठाण्यात आली. आजही आली आहे. आत्ता शेजारी बसून पिशवीतल्या रिकाम्या बाटल्या मुद्दाम खणखण वाजवते आहे.

आम्ही इथे आहोत, कारण मस्यूंनी चोरीची तक्रार केली आहे. मघाशी ते इथे येऊन हळूच म्हणाले, "रोझेन, कशाला वाढवतेस? वेणी परत टांग, खुर्चीवर बस. मी तक्रार मागे घेतो. वर नवीन झगा देतो."

रोझेन म्हणाली, "वेणी तुमचीच आहे, मस्यू. आईने कापड घेतलं, मी मान पुढे केली. ती मी परत मागत नाही. पाट्या बदला. तिच्याखाली लिहा, ही रोझेनची वेणी, जत्रेत कापून घेतली. आणि मला ताप आला होता, हे पुसा."

मस्यू हसले. "असं लिहिलं तर बाटली कोण घेईल, वेडाबाई?"

"हे साहेबांसमोर म्हणा हं, मस्यू," मादाम पेलोतिए मोठ्याने म्हणाली. "अगदी असंच म्हणा! शिपाईदादा, ऐकलंत ना?" शिपायाने मिशीवरून हात फिरवला. पण तो नाही म्हणाला नाही. मस्यूंचं हसू तिथेच वाळलं.

काहीही निकाल लागला तरी मी रोझेनची होणार नाही, हे मला कळतं. कायद्याने मी त्या हुकाचीच. टांगू देत. पण तुम्ही कुणी त्या रस्त्याने गेलात तर माझ्याकडे बघून आपल्या डोक्याला हात लावू नका. आत जा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, ही कुणाची? क्लेमांसची म्हणाले तर क्लेमांसला बाहेर बोलवा म्हणावं.

शिपाई हाक मारतोय. "रोझेन कोण? चल आत, वेणीसकट." तिने माझ्यावरचा कागद फाडून टाकला. ती उठली. रोझेन, ऐक, आत गेल्यावर आधी माझं काही सांगत बसू नकोस. ते चोरीचं विचारतील, तू त्याआधीच मोठ्याने सांग, मला कधीही ताप...