बंदर पाहायला निघालेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नाही, घड्याळाचा नाही. लहान मूल गर्दीत हरवू नये म्हणून त्याचं मनगट मोठ्या माणसाच्या मनगटाला जोडतात ना, तो. दोन्ही टोकांना मऊ कडी, मध्ये पिळदार पिवळी दोरी. ओढली की लांबते, सोडली की आक्रसते. हे सांगतानाही मी जरा आक्रसलोच आहे.

जन्माबद्दल फार बोलत नाही. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे पलीकडच्या यंत्रावर कुत्र्यांचे पट्टे निघत. दोरी एकाच रिळाची, म्हणजे आम्ही सख्खे भाऊच. पण माझ्या खोक्यावर हसरं बाळ छापलेलं होतं, म्हणून मला वाटायचं, आपलं जरा बरं चाललंय.

एका आईनं मला मागवलं. त्या घरात तेव्हा एकच विषय होता, मोठ्या बंदराच्या शहरात फिरायला जायचा. संध्याकाळची जेवणं आटोपली की बाबा टेबल पुसून नकाशा पसरायचे. बोटीची फेरी, दीपगृह, जुन्या जहाजांचं संग्रहालय, आणि उंचच उंच क्रेन जिथून दिसतात तो धक्का. धक्का खास लेकीसाठी. ती एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. जहाजातल्या पेट्या क्रेन कशी उचलते हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरात एकही चप्पल जमिनीवर टिकत नव्हती.

आई वाईट नाही हो. फक्त तिला कुठल्याही जागेचा आधी कठडाच दिसतो. बोटीचा कठडा बुटका. दीपगृहाचा जिना गोल आणि अरुंद. संग्रहालयात सगळीकडे काचा. धक्क्याला तर म्हणे कठडाच नाही. एकेक ठिकाण गळत गेलं तसं बाबांनी शांतपणे विचारलं, “मग तिथे जाऊन करायचं काय? हॉटेलच्या खिडकीतून हात हलवायचा?” आईला स्वतःचंच हसू आलं. मग ती म्हणाली, खिडकी कितव्या मजल्यावर आहे ते मात्र विचारून घे.

यावर तोडगा म्हणून मी आलो. पट्टा बांधला तर सगळं बघता येईल, असं ठरलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

मग तालीम सुरू झाली. परक्या शहरात ऐन वेळी गोंधळ नको, म्हणून आईनं सहल आधी घरातच करून पाहिली. सोफा म्हणजे बोट, इमारतीचा जिना म्हणजे दीपगृह. भिंगरी पहिल्यांदा खूश होती. मी तिच्या क्रेनची दोरी होतो. आजी, म्हणजे बाबांची आई, दारात उभी राहून बघत होती.

“पोर आहे की शेळी गं? चरायला नेणार आहेस हिला?”

“आई, तिथली गर्दी तुम्ही पाहिली नाहीत.”

“तू तरी कुठे पाहिलीयेस?”

आईनं माझं कडं पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

पुढची तालीम बाजारात. लोक आधी मला बघायचे, मग मुलीला, मग आईला, आणि मग एकमेकांना. समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन आल्या. त्याच्या गळ्यातला माझा भाऊ ऐटीत चालला होता. मी मान खाली घातली.

भाजीच्या गाड्यापाशी भिंगरीच्या वर्गातली मैत्रीण भेटली. तिचा हात तिच्या बाबांच्या हातात होता, तोही सैलच. “तुला बांधून ठेवलंय का?” तिनं नुसतं विचारलं, चिडवलंही नाही. भिंगरीनं स्वेटरची बाही ओढली आणि मला झाकून टाकलं. आई सुट्टे पैसे शोधत होती, तिला दिसलं नाही. बाहीच्या अंधारात मला त्या मुलीची नाडी लागत होती, भराभर. हरवू नये म्हणून बांधलेलं ते पोर स्वतःच लपायची जागा शोधत होतं, आणि कारण मी होतो.

त्या संध्याकाळी नकाशा पसरला तेव्हा मी अजून तिच्या मनगटावरच होतो, पण ती रोजच्यासारखी खुर्चीवर चढली नाही. क्रेनचं नाव निघालं तरी नाही. “मला नाही जायचं,” म्हणाली.

आईचा जीव भांड्यात पडला. बघ, पाण्याला घाबरतेय ती, मी म्हणत नव्हते का, राहू दे तो धक्का. असं म्हणत तिनं फुली मारायला पेन उचललंसुद्धा.

“मी नाही घाबरत,” भिंगरी म्हणाली. “तिथे खूप माणसं असतील. ती मला बघतील.”

पेन तसंच राहिलं. इतके दिवस जी लाज मी एकटा बाळगत होतो ती आईच्या चेहऱ्यावर उतरली, कानापर्यंत. तिनं मला लेकीच्या हातातून सोडवलं. मऊ कड्याचाही वळ उठला होता. तो ती अंगठ्यानं चोळत राहिली.

“नुसता हात धरला तर चालेल?”

“तू दाबतेस.”

“नाही दाबणार.”

“मी तुझा धरीन. तू माझा नाही धरायचास.”

आईनं वळावरचा अंगठा काढला. मग ती म्हणाली, “बरं.”

मला खणात टाकलं गेलं आणि मला हायसं वाटलं. पण आज सकाळी सगळे खाली उतरल्यावर आई एकटी परत वर आली. पाण्याची बाटली राहिली म्हणे. बाटली तिच्या काखेतच होती. तिनं खण उघडला, मला उचललं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात रुमालाखाली कोंबलं. “नुसता असू दे,” ती पुटपुटली. माझ्याशी बोलली की स्वतःशी, कोण जाणे. जाताना ती आरशाकडे न बघता गेली.

आता गाडी निघाली आहे. भिंगरी पलीकडे बसून क्रेनबद्दल बाबांचं डोकं खातेय. आई अधूनमधून पर्समध्ये हात घालते, मला चाचपते आणि रुमाल काढून उगीच तोंड पुसते. मला बाहेर पडायचं नाही. बंदर न बघताच परत यायची माझी तयारी आहे.

पण आईचं काही सांगता येत नाही. धक्क्यावर गर्दी असेल, पाणी खोल असेल, आणि तिचा धीर सुटेल. तुम्ही तेव्हा तिथे असाल, तर त्या पोरीच्या मनगटाकडे बघू नका. वर क्रेनकडे बघा. जमलं तर तिलाही बोट करून दाखवा.