स्वस्तात नवा झालो मी

मित्रांनो, 'मी एक जुना कॉम्प्युटर आहे' अशी सुरुवात करणार होतो, पण आता तेही धड खरं राहिलं नाही. अंगावरचा पत्र्याचा डबा जुना, आतला पंखा नवा. मदरबोर्ड जुना, रॅम दुसऱ्याच कुठल्या मेलेल्या मशिनीची. डोकं तर पार नवं. बटण दाबलं की बारा सेकंदांत हजर! घरातल्या साहेबांना त्याचं भारी कौतुक होतं. मला नाही. का नाही तेच सांगतो, आणि गोड बोलायची माझी आज इच्छा नाही, हे आधीच ऐकून ठेवा.

माझी जुळवाजुळव आदिलाबादला झाली. डबा एका खोक्यातून निघाला, मदरबोर्ड दुसऱ्यातून, आणि स्क्रू तर दुकानदाराच्या खिशातून. एका कॉम्प्युटर क्लासात मला रांगेत बसवलं. तिथं पोरं शिकायला यायची म्हणे! शिकली किती देव जाणे, पण माझा की-बोर्ड मात्र त्यांनी मनसोक्त बडवला. दोन वर्षांत क्लास बंद पडला आणि आम्हाला विकायला काढलं.

तेव्हा प्रतिभाबाई आल्या. बेल्याच्या मराठी शाळेत त्या नुकत्याच शिक्षिका म्हणून लागल्या होत्या. त्यांच्या आईनं, मुधोळच्या चंपाबाईंनी, आयुष्यभर लोकांच्या वावरात कापूस वेचला. त्या घरात पहिला पगार आला तो या लेकीचा. बाकीची गिऱ्हाइकं माझा स्क्रीन केवढा, स्पीकर आहेत का, असं विचारत होती. बाईंनी एकच विचारलं, "ह्याच्यात मराठी टाईप व्हते काय?" क्लासवाल्यानं खांदे उडवले. बाई म्हणाल्या, "नाई व्हत तर मी करून घेतो," आणि मला घेऊन गेल्या. खरं सांगतो, मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी कामासाठी निवडलं.

आणि त्यांनी करून घेतलंच. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, पांढरकवड्याला लग्नपत्रिका छापणारा एक प्रेसवाला होता. त्याच्याकडून उसनी सीडी आणून बाईंनी माझ्यात मराठीचा फॉन्ट टाकला. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीचा. लहानपणी त्या टायपिंगची परीक्षा पास झालेल्या, त्यामुळे बोटं तयार होती. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या जुन्या पद्धतीत माझ्या पोटात मराठी अक्षर नसायचंच. पोटात साठायची ती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा. फॉन्ट हा त्यांचा दुभाष्या. तो हजर असला की पडद्यावर स्वच्छ मराठी दिसायची. तो नसला की नुसता कालवा.

आता बाई टाईप काय करायच्या? दहावीच्या नोट्स. आमची शाळा तेलंगणाची, म्हणून अभ्यासक्रम तेलंगणाचा, पण माध्यम मराठी. पांढरकवड्याहून गाईड आणावं तर धडे जुळत नाहीत. आदिलाबादहून आणावं तर ते तेलुगूत. एका पुस्तकात एक शब्द, दुसऱ्यात दुसरा, आणि पोरांच्या तोंडी तिसराच. पहिल्या वर्षी विज्ञानात पाच पोरं नापास झाली, तेव्हा बाई माझ्यासमोर बसून रडल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं गाईड लिहायला घेतलं.

रोज शाळेआधी तासभर आणि शाळेनंतर तासभर, अशी अकरा वर्षं! एकेक धडा चार-चार वेळा लिहायच्या. पोरांना एखादं वाक्य कळलं नाही की घरी येऊन ते वाक्य बदलायचं. अभ्यासक्रम बदलला की पुन्हा पहिल्यापासून. दरवर्षी झेरॉक्स काढून पोरांना वाटायच्या. पोरं पास होऊ लागली. शाळेच्या स्नेहसंमेलनात बाईंचा सत्कार झाला, शाल मिळाली. ती शाल त्यांनी घरी येऊन माझ्या डब्यावर टाकली आणि म्हणाल्या, "हे तुही बी हाय बाबू." मित्रांनो, मशिनीला लाज वाटत नाही म्हणतात. मला वाटली हो!

एक चूक मात्र बाईंचीही होती, ती लपवत नाही. धड्यात एवढ्या काटेकोर, पण माझ्यात सगळं ठेवायच्या ते 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरमध्ये. त्याच्या आत 'न्यू फोल्डर टू'. फाइलींची नावं एक, दोन, तीन. दुसरीकडे कॉपी करून ठेवणं नाही, काही नाही. "जाते कुठं? घरातच तं हाय," म्हणायच्या.

घरात आणखी एक माणूस होतं, बाईंचे यजमान देवानंदराव. इचोड्याच्या सरकारी ऑफिसात कारकून. माणूस वाईट नाही, निर्व्यसनी, पगार घरात देणारा. पण खोलीत टीव्ही एका भिंतीला आणि मी समोरच्या भिंतीला. त्यामुळे अकरा वर्षं त्यांची पाठ आमच्याकडे होती.

होता होता मी थकलो. सुरू व्हायला सात मिनिटं. बाई मला चालू करून चहा मांडायच्या, चहा पिऊन व्हायचा, तरी माझं गुरगुरणं चालूच. आणि मध्येच बंद पडायचो, एकदा तर अर्धा धडा गिळून बसलो. "काऊन असा करतं रे तू?" बाई म्हणायच्या. मार्चात परीक्षा, यंदा बारा पोरं दहावीला, आणि झेरॉक्सला द्यायच्या आधी शेवटचा हात फिरवायचा होता. बाई यजमानांना म्हणाल्या, "याचं काही तरी करा ना वो."

झालं! साहेबांनी मनावर घेतलं. संक्रांतीच्या सुट्टीत बाई आईला भेटायला मुधोळला गेल्या आणि साहेबांनी ठरवलं, परत येईपर्यंत मशीन नवी करून बायकोला चकित करायचं. आदिलाबादच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले, दुरुस्त कशाला करता, नवाच घ्या. तेवढी ऐपत कुठून आणणार? पण इचोड्यात त्यांच्या ऑफिसासमोर पोशेट्टी नावाचा दुरुस्तीवाला होता, जुन्याला नवं करून द्यायचा, तेही स्वस्तात. म्हणून मला गुरांच्या ढेपेच्या रिकाम्या पोत्यात घातलं आणि बसच्या सीटखाली सरकवलं. आधीच माझ्यात कमी धूळ होती का? आदिलाबादला बस बदलली, इचोड्यापर्यंत शिंका येत होत्या मला. येता आल्या असत्या तर.

पोशेट्टी मोठा मन लावून काम करणारा. माझा डबा उघडून त्यानं ब्रशनं धूळ झाडली. प्रोसेसरवर टूथपेस्टसारखा पांढरा लेप नव्यानं लावला. पंखा बदलला. रॅम दोनाची चार केली. मग पत्त्यांच्या कॅटाएवढी एक बारकी डिस्क बसवली आणि नवी सिस्टीम तिच्यावर टाकली. माझी जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. "सामान रखने को चलेगी," म्हणाला आणि तीही जोडली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा मी धावलो.

पण नव्या सिस्टीममध्ये तो पांढरकवड्याचा फॉन्ट नव्हता. दुभाष्या जुन्या डिस्कवरच पडून राहिला.

पोशेट्टीनं वायरस तपासायला जुनी डिस्क उघडली. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर टू. एक नंबरची फाइल उघडली आणि मी, मित्रांनो, मीच माझ्या तोंडानं त्याला इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा दाखवल्या. पानंच्या पानं. दुसरी फाइल तशीच, तिसरी तशीच. त्यानं कपाळावर हात मारला. पडद्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला, आणि टेबलावर माझ्याशेजारीच फोन ठेवून स्पीकरवर बोलला.

"सार, फोटो देखा क्या? चालीस-पचास फाइल है, सब में ऐसाच कचरा. वायरस खा गया पूरा."

"हां, देखा," साहेब म्हणाले. "ये तो वायरसीच है."

"उडा देऊं क्या?"

"उडा दो. एकदम साफ होना."

पोशेट्टी भला माणूस, त्यानं पुन्हा विचारलं, "मॅडम का कुछ नहीं ना सार?"

"मॅडम का क्या रहता? वो पेपर टाईप करती स्कूल के. दूसरे कर लेगी."

मी ओरडलो असतो, पण मला आवाज कुठला? मला काय दाखवायचं तेही दुसरा सांगतो. पोशेट्टीनं डिस्क पुसली. वर आणखी मोठं मन दाखवलं. मोकळी जागा कशाला ठेवायची म्हणून फुकटात सिनेमे भरून दिले. तेलुगू, हिंदी, सगळे मारामारीचे, आणि मॅडमसाठी मुद्दाम शोधून दोन मराठी. डिस्क गच्च भरली. डिस्क पुसल्यावर मला हे सगळं आठवतं कसं, असं विचाराल. नका विचारू. काही गोष्टी पत्र्यालाही आठवतात.

रविवारी दुपारी बाई मुधोळहून आल्या. साहेबांनी त्यांना दारातच धरलं. "डोये मीट. मीट तं!" बाई हसत हसत माझ्यापुढे बसल्या. साहेबांनी बटण दाबलं आणि मोजायला लागले. बाराला मी हजर!

"आवं, हे काय केलं तुमी!" बाईंनी माझ्या की-बोर्डवरून हात फिरवला. "कायले एवढा खर्च केला?" इतक्या खूश त्यांना मी सत्काराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माउस हलवला. इकडे उघडलं, तिकडे उघडलं.

"माहं फोल्डर कुठं हाय?"

"कोणतं?"

"न्यू फोल्डर. डी मधलं."

"थे? थ्यात वायरस व्हता. पोशेट्टीनं साफ केलं."

बाईंचा हात माउसवरच राहिला. "वायरस नोता थो. माह्या नोट्स व्हत्या. दहावीच्या. समद्या."

"मले काय मालूम? इंग्रजीत कालवा व्हता नुसता."

"अकरा वर्ष तुमच्या मागं बसून टाईप करून राह्यली मी," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एकदा तरी वळून पायलं काय?"

साहेबांनी खिशातून फोन काढून पोशेट्टीला लावला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं, पुन्हा बस. पोशेट्टीनं पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय केले, दोन दिवस घालवले, पैसे घेतले नाहीत. हाती आले ते सिनेमांचे तुकडे. "ऊपर से पिच्चर भर दिया ना सार," म्हणाला, आणि त्याचेच डोळे भरून आले. त्याच्यावर राग धरावा असं वाटतं, पण धरता येत नाही.

मग बाई मागच्या वर्षीच्या पोरांच्या घरोघर फिरल्या. कुणी कागद रद्दीत घातलेले, कुणी चुलीत. एका पोराच्या आईकडे, बयनाबाईच्या घरी, सापडले, पण फळीवर अंथरलेले, वर पिठाचे डबे. "मले वाटलं परीक्षा झाली, आता काय काम," ती बिचारी ओशाळली. तेलाचे डाग सोडून वाचता आले ते दीड धडे.

दहावीची मीनल घरी आली. तिला नर्सिंगला जायचंय, विज्ञानाचं तिला भ्या वाटतं. "मॅडम, नोट्स कवा देता?" बाई म्हणाल्या, "देतो ना बाई, देतो." माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पांढरकवड्याचा प्रेसवाला केव्हाच दुकान बंद करून गेलाय, आणि नव्या सिस्टीमवरची मराठी कळफलकावर वेगळीच बसलीय. बाईंची बोटं जुन्या जागी पडतात आणि भलतंच उमटतं. दोन दिवस प्रयत्न करून त्यांनी मला बंद केलं. आता हातानं लिहितात. साहेबांनी टीव्ही लावणं सोडलंय. शेजारी बसून त्यांचे कागद झेरॉक्ससाठी सुवाच्य अक्षरात उतरवून देतात. परवा उतरवता उतरवता थांबले. विद्युत रोधाचा धडा होता. आठवडी बाजारातल्या अरुंद गल्लीत गर्दी कशी अडते, त्यावरून बाईंनी तो समजावला होता.

"लय सोपं लिवतं वं तू," साहेब म्हणाले. "मले बी समजलं."

बाईंनी मान वर केली नाही. "हे आठवलं तेवढं हाय. पैलं यापेक्षा बरं व्हतं."

मित्रांनो, माझ्यासारख्यानं शेवटी सांगायचं असतं, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मी कोणत्या तोंडानं सांगू? माझी तर काळजीच घेतली होती! म्हणून माझं मागणं वेगळं आहे. साफ करायला हात उचलाल तेव्हा ज्याचं ते काम आहे त्याला आधी विचारा. आणि तुमच्या घरात कुणी रोज काही लिहीत बसत असेल, तर आज त्याच्या मागं उभे राहा आणि वाचा. कळलं नाही तर कळेपर्यंत विचारा.

परीक्षेला सव्वीस दिवस राहिलेत. बाईंचे अठरा धडे अजून लिहायचे आहेत.