पप्पांची टाकी मरत नाही

"गुळाची ढेप कुठं गेली?" आईनं डबा उलटा करून दाखवला. "शेंगदाणे भाजून कुटून ठेवलेत, अन् गूळच गायब."

मी आणि आजोबांनी एकदमच पप्पांकडे पाहिलं. पप्पा बूट घालत होते. बूट घालायला कोणत्याच माणसाला एवढा वेळ लागत नाही.

"जनावरं उपाशी होती गं," पप्पा शेवटी म्हणाले. "स्टोअरवाल्यानं आठ दिवस झाले गूळ दिला नाय. काल मीच नेली ढेप. सांजच्याला दुसरी आणतो."

"लेकीच्या लाडवाचा गूळ टाकीत ओतला? त्या किड्यांना?"

"किडे नाहीत, जिवाणू आहेत," मी म्हणाले.

"तू गप. लाडू तुझेच होते."

लाडू माझेच होते. प्रजासत्ताक दिनाला शाळेत मी सूत्रसंचालन केलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही माझा आवाज घशातच राहायचा, आणि यंदा मी चाळीस मिनिटं माईक सोडला नाही. तेव्हापासून मला कुणी विचारो न विचारो, उत्तर द्यायची सवय लागली. पुढचं सगळं त्या सवयीमुळेच झालं.

आमचे पप्पा, शिवशंकर भिकन, शेंद्र्याच्या एका औषधाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहेत. आमच्या घरासारखी सहा घरं मावतील एवढी तिथली टाकी. खालून ब्लोअरनं हवा सोडायची आणि पाणी सतत उकळल्यासारखं ढवळत ठेवायचं. त्या पाण्यात जिवाणू असतात आणि ते घाण खातात. घाण कमी पडली की ते उपाशी मरतात, म्हणून त्यांना गूळ घालायचा, शेण कालवून घालायचं, थोडा युरिया घालायचा. आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरंच राखली. आजोबांकडे अजून चाळीस आहेत. करमाडच्या बसस्टँडवर कोणी हटकलं, "शिवा, मेंढरं सोडली व्हय रे?" की पप्पा म्हणतात, "सोडली कुठं? आता बारीक राखतो. सांजच्याला मोजावी लागत नायत."

एकदा कारखान्यात घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा पप्पांनी मला सूक्ष्मदर्शकातून टाकीतला एक थेंब दाखवला. त्यात देठावर उभ्या असलेल्या इवल्या इवल्या घंटा होत्या आणि त्या आखडत होत्या, उघडत होत्या. "हे जिवाणू नायत. ही कळपाची कुत्री," पप्पा म्हणाले. "भटकलेले जिवाणू खात्यात, मग पाणी नितळ होतं. ही दिसली की समजायचं, कळप बरा हाय." मी अर्धा तास डोळा काढला नाही. माझ्या मागं रांग लागली होती.

आणि पप्पांची टाकी मरत नाही, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. तिथं प्रतिजैविक बनतं, म्हणजे जंतू मारायचं औषध. ज्या भांड्यात ते बनतं ते धुतलं की त्या पाण्यात थोडं औषध येतंच. ते टाकीत गेलं की जिवाणू मरायचे. पहिल्या दोन वर्षांत टाकी तीनदा मेली. वर दुधासारखा पांढरा फेस, आणि वास असा की पप्पा घरी आले की आई पाण्याची बादली दारातच ठेवायची. मग पप्पांनी आपल्या मनानं एक युक्ती काढली. धुण्याचं पाणी एकदम सोडायचं नाही. पहिल्या आठवड्यात रोज एक बादली. मग दोन. मग चार. जनावराला नवा चारा जसा थोडा थोडा करून लावतात, तसं. सहा महिन्यांत कळप असा तयार झाला की कितीही पाणी सोडा, टाकी ढिम्म. सहा वर्षं झाली, एकदाही मेली नाही. बिडकीनच्या बाजूला दुसऱ्या एका कारखान्यात कडुबाकाका आहेत, त्यांची टाकी मेली तेव्हा ते विरजण न्यावं तसा आमच्या टाकीतला गाळ दोन ड्रम भरून घेऊन गेले. पप्पांना कारखान्यात कोणी 'साहेब' म्हणत नाही, पण प्लांटवर नवा पोरगा आला की त्याला सांगतात, "शिवशंकरची टाकी मरत नाय."

फेब्रुवारीत बाईंनी वर्गात प्रतिजैविकं शिकवली. डॉक्टरांनी गोळ्या पाच दिवस दिल्या आणि तुम्ही दोन दिवसांनी बरं वाटतंय म्हणून सोडल्या, तर काय होतं? कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. मग उरलेल्यांचीच पिल्लावळ वाढते आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

माझा हात वर गेलाच.

"बाई, माझ्या पप्पांनीपण असंच केलंय."

"पप्पांनी गोळ्या सोडल्या का गं?" मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मी काय ऐकते? मी उभी राहून टाकी, बादल्या, सहा महिने, सगळं सांगितलं. हात करून टाकी केवढी तेही दाखवलं. मला वाटलं, बाई टाळ्या वाजवायला सांगतील.

बाईंनी खडू खाली ठेवला. "सृष्टी, त्या टाकीतलं पाणी पुढे कुठे जातं?"

मला माहीत नव्हतं. एवढं बोलून झाल्यावर 'माहीत नाही' म्हणायला कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी जेवताना मी पप्पांना विचारलं.

"नाल्याला," पप्पा म्हणाले. "नितळ करून. सगळ्या चाचण्या होत्यात त्याच्या."

"औषधाची चाचणी होते?"

"औषधाची नाय. त्याला मर्यादाच नाय ठरलेली. आता ठरवायलेत. बाहेरच्या देशातले माल घेणारे मागं लागलेत की, तुमच्या पाण्यात औषध किती जातं ते सांगा अन् किती चालंल ते ठरवा. पुण्याचे सल्लागार आलेत. सोमवारी मीटिंग हाय." मग ते जरा ताठ बसले. "मला बोलावलंय. माझं सहा वर्षांचं रजिस्टर दाखवणारेत. एवढं औषध सोडलं तरी जिवाणू जगले, म्हणजे तेवढं सुरक्षित. माझ्या टाकीवरून आकडा ठरणार."

आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, न विचारता.

आणि मी, सूत्रसंचालक, म्हणाले, "पण पप्पा, जगले ते चांगलं नाहीच आहे. ते तुम्ही औषधाला चिवट करून ठेवलेत. पाण्याबरोबर थोडे बाहेर जातच असतील ना? म्हणजे तुम्ही सहा वर्षं नाल्यात चिवट जंतू सोडताय."

प्रश्नमंजूषेत घंटी दाबून बोलावं तसं मी बोलले. पप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला, भाकरीचा उरलेला चतकोर नीट दुमडला आणि हात धुवायला उठले.

"बघ आता," आई मला म्हणाली. एवढंच.

दोन दिवस पप्पा कामापुरतं बोलले. मी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उत्तर देऊन रडले. उशीत तोंड खुपसून वगैरे नाही, अंगणात भांडी घासता घासता, कारण आईनं भांडी मलाच लावली होती.

रविवारी सकाळी पप्पा मेंढरांच्या वाघुरीपाशी आले. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती बांधतात ती जाळी. आजोबा एका कोकराचं खूर बघत होते, मी कोकरू धरलं होतं.

"सृष्टे, ते परत सांग," पप्पा म्हणाले. "सावकाश. मला शिकवल्यावानी सांग, भाषण केल्यावानी नको."

मी काडीनं मातीत गोल काढले. दहा कच्चे, दोन चिवट. औषध आलं, कच्चे पुसले. दोनाचे चार, चाराचे आठ. पप्पा उकिडवे बसून बघत होते. माझं संपायच्या आत आजोबाच म्हणाले, "ह्यात काय अवघड हाय? मागं मेंढरांत रोग आला, साठातली वीस राह्यली. पुढच्या साली त्यांची पिल्लं त्या रोगाला हालली नायत."

"तेच," पप्पा म्हणाले. "मी तेच केलं अन् खूष होत बसलो."

"कामून खूष नाय व्हायचं? कळप जगवला तू."

"आबा, तुमचा कळप वाघुरीत असतो. माझा पाण्यासोबत जातो."

आजोबांनी कोकराचं खूर सोडलं. त्यांची मेंढरं त्या नाल्यावर पाणी पितात. "मग ह्याच्या पायाला डॉक्टरचं इंजेक्शन लागंना झालंय, ते ह्यानंच का?"

पप्पांनी कोकराचा पाय हातात घेऊन पाहिला. "तसं सांगता येणार नाय. पण त्याचं नाव नायच, असंबी सांगता येणार नाय."

सोमवारी पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि रजिस्टर पिशवीत घालून गेले. मी शाळेत दिवसभर हात वर केला नाही. मैत्रिणीला वाटलं मला ताप आलाय.

मीटिंगमध्ये काय झालं ते पप्पांकडून कधीच कळलं नसतं. पण त्या दिवशी त्यांना सोडायला सुलेखा मॅडम स्कूटीवरून घरापर्यंत आल्या. त्या कारखान्यातल्या पर्यावरण अधिकारी. पप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि पप्पा त्यांच्यासमोर उगाचच टोपी काढतात. आईनं लाडू पुढे केले. गूळ नवा आणला होता.

"वहिनी, आज तुम्ही तिथं पाहिजे होतात," मॅडम म्हणाल्या. "सल्लागारांनी पडद्यावर आकडा टाकला, एका लिटरला पन्नास मायक्रोग्रॅम."

"म्हणजे किती?" आईनं विचारलं.

"पाण्याच्या बाटलीत मिठाचा एक कण. ते म्हणाले, एवढ्यानं टाकीतल्या जिवाणूंना काही होत नाही, म्हणजे हे सुरक्षित. आणि यांना म्हणाले, काय शिवशंकर, बरोबर ना? फक्त मान डोलवायची होती."

"अन् ह्यांनी?"

"हे उभे राहिले."

"खुर्ची लई मऊ होती," पप्पा म्हणाले. "बसून बोलता येईना."

"म्हणाले, साहेब, माझं रजिस्टर ह्याला लावू नका. माझी टाकी मरत नाय, कारण मी ती औषधाला सरावाची केलीय. मेली असती तर तुम्हाला खरं कळलं असतं. सल्लागार म्हणाले, अहो, तुमच्याच कामाचं कौतुक करतोय आम्ही. तर हे काय म्हणाले माहितीय?"

"जाऊ द्या की मॅडम. एवढं नव्हतो बोललो."

"म्हणाले, टाकी आपली हाय, पाणी आपलं नाय. जेवढ्यानं जिवाणू मरत्यात तो आकडा नका धरू. जेवढ्यानं ते शिकायला लागत्यात, त्याच्या खालचा धरा." मॅडम लाडू खायचं विसरल्या होत्या. "मी चार महिने हेच कागदावर लिहून देत होते. माझा आकडा एकाच्याही खालचा. त्या मिठाच्या कणाचे शंभर तुकडे केले तर त्यातला एक. सगळे म्हणायचे, मॅडम, पुस्तकातलं नका सांगू."

"मग ठरलं?" मी विचारलं. जीभ आवरत नाही ती नाहीच.

"ठरलं. धुण्याचं पाणी आता वेगळ्या टाकीत जाणार. तिथंच औषध मोडायचं, मोजायचं, आणि आकड्याच्या खाली असेल तरच पुढे सोडायचं."

मी इतक्या जोरात उडी मारली की आजोबांच्या कपातला चहा सांडला. आजोबांनी बशीतला पिऊन घेतला आणि विचारलं, "अन् जुना कळप?"

मॅडमनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, "तो ठेवता येणार नाय आबा. सगळा गाळ काढून जाळायला पाठवायचा. टाकी धुवायची. मीच सांगितलं."

मग पप्पांनी फोन काढला आणि स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना तो कानाला धरलेला आवडत नाही.

"कडुबा, माझं विरजण कसं हाय रे तुझ्याकडं?"

"शिवा, लई जोरात. काहीबी सोड, हालत नाय."

"जोरात हाय म्हणूनच फोन केला. ते काढून टाकावं लागंल. उद्या येतो, तुझ्या साहेबाला मीच समजावून सांगतो."

"येडा झाला काय? लोक तुझं नाव घेत्यात त्याच्यापायी."

"घेऊ दे. तू चहा ठेव."

गाळ काढायला नऊ दिवस लागले. टँकर येत होते, जात होते आणि पप्पा प्रत्येकाच्या कागदावर सही करत होते. मी रोज विचारायचे, आज किती राहिला? पप्पा हातानं दाखवायचे. कमरेएवढा, गुडघ्याएवढा, घोट्याएवढा. आजोबांनी आधीच सांगून टाकलं होतं की नव्या कळपाला शेण गल्लीतल्या कुणाचंही चालणार नाही. ज्या म्हशीला गेल्या वर्षभरात एकही इंजेक्शन दिलेलं नाही तिचंच पाहिजे. आणि अशी म्हैस शोधायला ते आसपासच्या चार वाड्या फिरून आले. दोन सापडल्या. एकीच्या मालकाला वाटलं, सोयरीक जुळवायला आलेत.

दहाव्या दिवशी पप्पा घरी आले, हातपाय धुतले आणि ओट्यावर बसून काहीतरी म्हणाले. कुणालाच ऐकू आलं नाही.

"काय?" आई आतून म्हणाली.

पप्पांनी परत सांगितलं. तेवढंच हळू. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "बरं नाय का? असं काय बोलायलात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. टँकर गेले होते आणि टाकीवरचा ब्लोअर बंद होता. आठ वर्षं पप्पा त्या घरघरीच्या वर आवाज काढून बोलत आले होते, आणि तोच आवाज घेऊन घरी येत होते. आम्हाला वाटायचं, पप्पांचा आवाजच तसा आहे. आज दिवसभर ते रिकाम्या टाकीच्या काठावर होते आणि तिथं चिमण्या ऐकू येत होत्या.

"उद्या शेण कालवायचंय," ते म्हणत होते. "पहिले चार दिवस काहीच दिसणार नाय. मग पाणी चहाच्या रंगाचं होईल. फिकट. मग थोडं गडद."

आजोबा भिंतीपासून सरकून जवळ आले. आई उंबऱ्यावर बसली. मला बोलायचं होतं, खूप, पण मी बोलले नाही. पप्पा पुढचं सांगत होते आणि त्यांचा आवाज ऐकू यायला सगळ्यांनाच थोडं पुढे वाकावं लागत होतं.