गाड्याच्या मुठीचं माप

"शंका सोडा, गाडा ढकला!" बाबा गरजले आणि पटांगणातली गर्दी श्वास रोखून बघू लागली. दहा पावलांत पाय बधिर होणारा सुतार गाडा ढकलत चक्क तीन फेऱ्या मारून आला! गाड्यावर काळा दगड होता. तो म्हणे आकाशातून पडलेला. एवढ्या मोठ्या जगात बरोबर बाबांच्याच दारात पडायची अक्कल त्याला होती.

गाडा सोडला की पाय पुन्हा जड. "श्रद्धा कमी पडते तुझी," बाबा सुनावत. "औषधं बंद कर. दगडाला गोळ्यांचा वास सहन होत नाही."

सुताराने पाच महिने निमूट ऐकलं. मग एका सकाळी बसायची जागाच बधिर झाली आणि लघवी कधी झाली ते कळलंही नाही. तो लहान मुलासारखा रडला. बायकोने काही न ऐकता त्याला रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "रंधा मारताना दुखतं?"

"नाही."

"ओणवे असता म्हणून. आणि फाटकापासून इथवर कसे आलात?"

"चाकाची खुर्ची ढकलत. बसायची लाज वाटली."

"खुर्चीत दगड होता?"

सुताराने चमकून वर पाहिलं.

"तुमच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीये. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की जरा मोकळी होते. गाड्याची मूठ किती उंचीवर आहे?"

"मांडीपाशी," सुतार पुटपुटला. "गाडा मीच केला. माप बाबांनी दिलं होतं."

"म्हणजे ढकलणाऱ्याला वाकावंच लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. अहो, वेळेवर आलेल्या पुष्कळांचं व्यायाम आणि औषधांवर भागतं. पण लघवीवरचा ताबा गेला, की एकेक तास मोलाचा. तपासणी करून आजच ऑपरेशन."

"पाय परत येतील ना?"

"खोटा धीर देणार नाही. सांगता येत नाही."

सुताराला बाबांचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. आयुष्यभर मापं घेतली आणि नेमकं हेच माप का, असं एकदाही विचारलं नाही! आत नेताना त्याने बायकोचा हात घट्ट धरला.

"तू पटांगणात जा."

"तुम्हाला असं टाकून? मुळीच नाही."

"इथे थांबून काय करणार आहेस? तिथे आज रांग लागली असेल. सांग त्यांना, दगडाच्या पाया पडण्याआधी मुठीचं माप विचारा. आणि म्हणावं, माझ्या नवऱ्याने डॉक्टरांना पाठ दाखवली ती पळून जायला. तुम्ही तपासायला दाखवा."