ब्रेथवेट गावचे ब्रेथवेट

हेस्टर ब्रेथवेटला आपल्या आडनावाचा ताठा होता, आणि तो तिने कधी लपवलाही नाही. का लपवावा? गावाचं नाव ब्रेथवेट, घराण्याचं नाव ब्रेथवेट. ती स्वतः चुलत शाखेतली, त्यामुळे लग्नात आडनावसुद्धा बदलावं लागलं नाही. सून मोरीन मात्र डोंगरापलीकडच्या केंडलची. तीस वर्षं इथल्या मेंढ्या राखल्या, इथेच बाळंतपणं केली, तरी हेस्टरच्या लेखी ती 'बाहेरचीच'.

त्या ऑक्टोबरात घरात धुसफूस चालली होती ती नातीवरून. टिलीला दूर हल बंदरात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. पण पोर आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. बोलून बसली, आजी हो म्हणाली तरच जाईन. आणि आजी काही हो म्हणेना.

"आपल्यातलं कुणी गाव सोडून गेलं नाही," मेंढवाड्यात लाल रंगाच्या डब्यात काठी बुडवत हेस्टर म्हणाली. "म्हणून तर आपण ब्रेथवेट."

मोरीनने एक मेंढी गुडघ्यांत दाबून धरली होती. "उलटं आहे ते, आई."

"काय उलटं?"

"अहो, या गावात सगळेच ब्रेथवेटचे. मग एकट्यालाच ब्रेथवेट कोण म्हणणार? इथे तुमच्या मूळ पुरुषाला लंगडा टॉम म्हणत असतील. तो परगावी गेला, तिथल्या लोकांनी विचारलं असेल, हा कुठला? तर ब्रेथवेटचा. तिथे चिकटलं नाव."

"मग आम्ही इथे कसे?"

"कुणाला तरी घरची आठवण आली असेल, आला परत. म्हणजे बघा, माझ्याआधी तुम्हीच बाहेरचे."

टिलीने हसू दाबायला मेंढीच्या लोकरीत तोंड खुपसलं.

"केंडलला हेच शिकवतात वाटतं," हेस्टर म्हणाली. "नावाचा अर्थ तरी ठाऊक आहे का? रुंद मोकळं रान. आमच्या वाडवडलांनी झाडं तोडून मोकळं केलेलं."

"झाडं तोडणारे ते लोक समुद्रापलीकडून बोटींतून आले होते, आई."

"आले ना? गेले तर नाहीत."

हेस्टरने विजयी मुद्रेने काठी उचलली आणि मेंढीच्या डाव्या खांद्यावर लाल पट्टा ओढला.

"आजी," टिली हळूच म्हणाली, "हिला रंग कशाला? ही तर आपल्याच मेंढवाड्यात उभी आहे."

"एवढी मोठी झालीस आणि हे विचारतेस? डोंगरावर भरकटते, दुसऱ्याच्या कळपात घुसते. कुणाची आहे ते तिथल्या माणसाला कळायला नको? घरातल्या मेंढीला कशाला लागतेय..."

काठी तिथेच थांबली. लाल थेंब बुटावर पडला. मोरीनला बोलायला आयतं मिळालं होतं, पण तीस वर्षांत ती एवढं शिकली होती की अशा वेळी मेंढीकडे बघत राहावं.

"तुझी बॅग आण," शेवटी हेस्टर म्हणाली.

टिलीने नवी, सायीच्या रंगाची बॅग आणली. हेस्टरने तिच्या डाव्या कोपऱ्यावर ऐसपैस लाल पट्टा ओढला.

"अगं आजी, कोरी होती ना."

"होती. आता आपली झाली. नोव्हेंबरात मेंढपाळांचा मेळा भरतो, चुकलेली जनावरं ज्याची त्याला परत मिळतात. तेव्हा तू तिथे दिसायला हवीस. कुणी कान धरून आणून सोडायची वाट बघायची नाही."

टिली तिच्या गळ्यात पडली तेव्हा हेस्टरने रंगाचा हात तेवढा दूर धरला. पोरीचा कोट चांगला होता.

"आणि मला नको का खूण?" मोरीनने विचारलं. "मी तर बाहेरची."

"तू कुठे निघालीस? खूण जाणाऱ्याला लागते," हेस्टर काठी पुन्हा बुडवत म्हणाली. "धर ती मेंढी नीट."