दबलेलं बटण

टिटवीला घरात आणि शाळेत सगळे टिटवीच म्हणत. सकाळी डोळे उघडले की तिचं बोलणं सुरू होई, ते झोपेतही एखादं राहिलेलं वाक्य पुरं करूनच थांबे. नाक्यावर चष्म्यांचं दुकान असलेले काका शाळेत हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, दाखवायला आले आणि "कुणाला बोलायचंय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्या वर्गाने एकदम तिच्याकडे पाहिलं. गंमत अशी, की माइक हातात आल्यावर तिची बोबडीच वळली. स्वतःचं नावसुद्धा आठवेना. काका हसले नाहीत. "बटण दाब, एक श्वास घे, मग बोल," एवढंच म्हणाले आणि तिचा श्वास घेऊन होईपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर ती शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानात जाऊ लागली. गिऱ्हाईक नसलं की चष्माकाका तिला शिकवत. लाट म्हणजे काय, अँटेनाची लांबी कशी ठरते, आपलं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर कसं आदळू द्यायचं नाही. ती परीक्षा पास झाली, परवाना आला, आणि हवेत ओळख सांगायला तिला तिची अशी अक्षरं मिळाली. काकांनी आपला एक जुना संच तिच्या खोलीत बसवून दिला.

"परवाना काढणारे पुष्कळ असतात," ते म्हणाले होते. "पुढे संच माळ्यावर जातो. रोज हजेरीला येत जा, म्हणजे तुझा जाणार नाही."

हजेरी म्हणजे रोज सकाळी एका ठरलेल्या लहरीवर सगळ्यांनी हवेत जमायचं. काका एकेकाला पुकारत. बेकरीवाल्या मावशी भट्टीपाशी उभ्या राहून बोलत, दंतवैद्य दवाखाना उघडता उघडता. शेवटी काका नव्या मुलांसाठी छोटा धडा घेत. तो छोटा असे असं फक्त काकांनाच वाटे. ते फार सावकाश बोलत आणि प्रत्येक गोष्ट तीन तीनदा सांगत.

सुट्टीच्या एका सकाळी टिटवीचा आतेभाऊ आला होता. हजेरी नुकतीच संपली होती. संच चालूच होता आणि माइक खुर्चीच्या हाताला अडकवलेला होता. आतेभाऊ धपकन खुर्चीत बसला.

"एवढा वेळ कोण बोलत होतं गं? मी दोनदा दात घासले."

"ते आमचे चष्माकाका." टिटवीने फूटपट्टी नाकावर चष्म्यासारखी धरली आणि आवाज जाड केला. "तर मुलांनो, बरं का, अँटेना. अँटेना म्हणजे काय, बरं का? तर अँटेना म्हणजे... कुठे ठेवला मी चष्मा?... अँटेना!"

आतेभाऊ खुर्चीत लोळायला लागला. तो हसला की टिटवीला आणखी सुचे. तिने काकांचं खाकरणं केलं, चहाचा घोट घेऊन "आहा" म्हणणं केलं, मावशींना चुकून दंतवैद्य म्हणून पुकारणंही केलं.

"पण इतकं बोलतात कशाला?" आतेभावाने डोळे पुसत विचारलं.

"काकू गेल्या ना त्यांच्या. घरी ऐकायला आहे कोण? भिंती कंटाळल्या, म्हणून आम्हाला धरतात."

हेही आतेभावाला फार आवडलं. मग टिटवीने ते पुन्हा केलं, या वेळी भिंतीचा आवाज काढून.

थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. टिटवीने दार उघडलं. दारात चष्माकाका उभे होते. एका हातात आडव्या काड्यांची छोटी अँटेना, दुसऱ्या हातात हातसंच. हजेरीची मंडळी लपवलेला रेडिओ हुडकून काढायचा खेळ खेळत, तेव्हा ते ही अँटेना घेऊन निघत. आज खेळ नव्हता. काकांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. आणि त्यांच्या हातसंचातून तिच्या खोलीत हसणाऱ्या आतेभावाचा आवाज येत होता.

"टिटवे, चल लवकर, परत कर ना ती भिंत!" आतेभाऊ आतून ओरडला. तेच वाक्य काकांच्या हातातूनही आलं.

टिटवीला कळलं. अंगातलं सगळं रक्त आधी पायांत उतरलं आणि मग कानांत चढलं.

"बाळ, बटण दबलंय कुठेतरी," काका म्हणाले. "संच तापला असेल. आत येऊ?"

ती बाजूला झाली. काका खोलीत शिरले तसा हातसंच कर्कश शिट्टी मारू लागला. त्यांनी तो बंद केला. आतेभावाला उठवलं, आणि त्याच्या मांडीखाली, गादी आणि खुर्चीचा हात यांच्या फटीत रुतलेला माइक काढला. संचावरचा लाल दिवा विझला. बटण दाबलेलं असलं की संच नुसता बोलतो, ऐकत नाही, त्यामुळे इतका वेळ कुणी कितीही हाका मारल्या असत्या तरी इकडे पोचल्या नसत्या. आता मात्र लगेच मावशींचा आवाज आला: "सुटलं वाटतं बटण. देवा!"

काकांनी संचाच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. "थंड होऊ दे. तासभर लावू नकोस," असं म्हणून ते निघाले. जाताना अँटेना दारात अडकली, ती त्यांनी तिरकी करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी ती हजेरीला गेली नाही. तिसऱ्याही नाही. संच बिघडलाय, असं तिने आईला सांगितलं. आई शिवणयंत्रावर वाकलेली होती. आतेभावाने जाण्यापूर्वी तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"संच बिघडला की तोंड?" आई म्हणाली. "तोंड उघडायला तुला कुणी शिकवावं लागलं नाही. आता मिटून किती दिवस बसणार आहेस?"

टिटवीने माइकची वायर काढून ठेवली आणि नुसता संच लावला. काकांचा आवाज आला. त्यांनी भरभर पुकारा केला, प्रत्येकाला एकदाच. खाकरले नाहीत की चहाचा घोट घेतला नाही. सगळ्यांची हजेरी झाल्यावर म्हणाले, "आभार. संपलं."

"अहो, आणि धडा?" मावशींनी विचारलं. "माझा भाचा वही घेऊन बसलाय इथे."

"नको. लोकांना कामं असतात सकाळची."

टिटवीने पाय वर घेऊन गुडघ्यांत डोकं घातलं. रागावले असते तर बरं झालं असतं. शाळेत येऊन सगळ्यांसमोर बोलले असते तरी चाललं असतं. हे असं भरभर बोलणं तिला ऐकवेना, आणि संच बंद करायला हात पुढे होईना.

रात्रभर तिने वाक्यं जुळवली. सकाळी वायर जोडली आणि पुकारा सुरू झाल्यावर बटण दाबलं. आपली अक्षरं सांगितली आणि एका दमात म्हणाली, "काका, मी तुमची नक्कल केली आणि काकूंबद्दल, घरी ऐकायला कुणी नाही असं बोलले, ते सगळ्यांनी ऐकलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

बटण सोडलं. नुसती खरखर. ती लांबतच गेली.

"मिळालं," काका म्हणाले. "पुढचं स्टेशन."

त्या दिवशीही धडा झाला नाही.

"माफी मागितली की मी," टिटवी आईला म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. "सगळ्यांसमोर मागितली."

आईने दातांनी दोरा तोडला. "तो माणूस उन्हातून तुझ्या दारापर्यंत चालत आला. तू गेलीस का त्याच्या दारात?"

शाळा सुटल्यावर टिटवी दुकानासमोरून दोन चकरा मारून आत गेली. काका काचेच्या कडा घासत होते. त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. ती बसली नाही.

"काका, माफी मागायला आलेय."

"सकाळी मागितलीस की." ते घासतच राहिले. "दंतवैद्य त्या दिवशी गावाला गेले होते. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. आज दुपारी दात दाखवायला गेलो, तर ते विचारतात, काकूंबद्दल काय बोलली हो ती? तोंड उघडं ठेवून मला सगळं सांगावं लागलं."

असं काही होईल हे टिटवीच्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्या माफीची तिने रात्रभर मनात उजळणी केली होती, ती माफी म्हणजे तेच बोलणं पुन्हा हवेत सोडणं होतं. या खेपेला तर बटण तिने स्वतः दाबलं होतं. तिने मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला लागली.

काकांनी काच खाली ठेवली. "नक्कल करून दाखव बघू."

"नाही काका."

"त्या दिवशी माइक गादीत दबलेला, त्यामुळे आधी आवाज कुणाचा तेच कळेना, आणि वाटेत इमारतींच्या आड आलं की तो जायचाच. अर्धंच ऐकलं मी. दाखव. मला खरंच बघायचंय."

ते रागाने बोलत नव्हते, म्हणूनच तिला नाही म्हणता येईना. स्वतःच्या चपलांकडे बघत, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात तिने केलं. अँटेना, बरं का, अँटेना म्हणजे काय. घरी जे पाण्यासारखं वाहत होतं, ते इथे एकेक शब्द ओढून काढावं लागत होतं. काका कान पुढे करून ऐकत होते, लांबच्या स्टेशनला ऐकावं तसे.

"तीनदा सांगतो मी?"

तिने मान हलवली.

"पहिल्यांदा खरखरीत जातं. दुसऱ्यांदा अर्धं पोचतं." त्यांनी काच उचलून पुन्हा खाली ठेवली. "समोर बसलेल्यालाही तीनदा सांगतो, हे मात्र माहीत नव्हतं. ही असती तर तिने सांगितलं असतं." मग त्यांनी विचारलं, "भिंतींचं कुणी सांगितलं तुला? घरात कुणी बोललं?"

हो म्हणता आलं असतं. कुणाचंही नाव घेता आलं असतं.

"मीच," ती म्हणाली. "मला सुचलं. तो हसला म्हणून पुन्हा केलं."

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "खोटं नाही त्यात काही," ते म्हणाले. "पण लागलं."

टिटवी रडली, आणि त्यांनी तिला रडू दिलं. समजूत काढली नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला फ्रेम दाखवल्या, ते गेलं. टिटवी भिंतीवरच्या नजर तपासायच्या तक्त्यातल्या लहान होत जाणाऱ्या अक्षरांकडे तोंड करून उभी होती.

"उद्या हजेरीला ये," काका म्हणाले. "नाही आलीस तर लोकांना वाटेल, मी तुला हाकललं."

"आणि धडा, काका?"

"बघू," ते म्हणाले आणि पुन्हा काच घासू लागले.

सकाळी तिने माइक टेबलावर, खुर्चीपासून लांब ठेवला. तिची पाळी आली. आता आपल्या आवाजाकडे मावशी, दंतवैद्य, मावशींचा तो भाचा, सगळे कान देऊन असतील, हे तिला माहीत होतं. तिने आपली अक्षरं सांगितली, हजर आहे म्हणाली आणि बटण सोडलं.

"आवाज स्वच्छ आहे," काका म्हणाले. सगळ्यांना म्हणत तसंच.

पुकारा संपला. "आभार," म्हणून काका थांबले, आणि टिटवीने डोळे मिटून घेतले. मग खाकरण्याचा आवाज आला.

"मावशी, भाचा आहे का तिथे? त्याला म्हणावं, वही काढ."

ते बोलू लागले. आधी जरा घाईत, अडखळत, जणू कुणी खोलीत उभं राहून बघतंय. मग हळूहळू सावकाश. टिटवीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तिचे कान गरमच होते, आणि ते गरमच राहणार हे तिला कळलं होतं. तशाच कानांनी ती ऐकत राहिली.